१५ ऑगस्ट : एका तारखेची कुळकथा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या स्मरणिकेत दरवर्षी ‘दिनविशेष’ या मथळ्याखाली एक पान छापले जाते. कोणत्या तारखेस कोणता थोर पुरुष जन्मास आला, कोणती लढाई झाली, कोणत्या सामन्यात कोणी पराक्रम गाजविला, याची ती जंत्री असते. वधूवरांच्या यादीखालोखाल हेच पान अधिक वाचले जाते, असे चिटणीसांनी मला सांगितले. संपादकांचे मनोगत त्यानंतर केव्हातरी येते, हे संपादकांनी मनावर घेऊ नये.

यंदा या पानावरून कार्यकारिणीत थोडा वाद झाला. १५ ऑगस्ट या तारखेपुढे काय लिहावे, हा प्रश्न होता. ‘स्वातंत्र्यदिन’ एवढा एक शब्द पुरे, असे काहींचे म्हणणे पडले. एका उत्साही सभासदांनी तर नेपोलियनच्या जन्मापासून धोनीच्या निवृत्तीपर्यंत सतरा नोंदींची यादीच सादर केली. आणि मराठवाडा व गोवा या भागांतील आपल्या काही कुटुंबांनी निराळाच प्रश्न विचारला : त्या दिवशी आम्ही स्वतंत्र झालोच नव्हतो, तर आमच्या घरच्या दिनविशेषात ही तारीख कोणत्या अर्थाने लिहावी? मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकविला असल्यामुळे हा वाद माझ्याकडे सोपविण्यात आला. निवाडा करण्याचा अधिकार माझा नाही. पण या एका तारखेची कुळकथा आपणांसमोर ठेवावी, असे मला वाटले.

प्रथम योगायोगाचा हिशेब करून टाकू. या सभागृहात आज दोनशेहून अधिक मंडळी आहेत. त्यांपैकी निदान दोघांची जन्मतारीख एकच निघेल अशी पैज मी लावावयास तयार आहे, आणि ती मी हरणार नाही. कोणतीही तेवीस माणसे एकत्र आली, की त्यांतील दोघांचा वाढदिवस एकाच तारखेस असण्याचा संभव निम्म्याहून अधिक असतो, असे गणित सांगते. सत्तावन्न माणसे जमली तर तो शंभरात नव्याण्णव इतका होतो. हे ऐकून प्रथम आश्चर्य वाटते. परंतु तेवीस माणसांच्या जोड्या जुळवू लागले की त्या २५३ होतात हे ध्यानात घेतले, म्हणजे आश्चर्य ओसरते. मग हजारो वर्षांचा इतिहास ३६५ दिवसांत भरावयाचा म्हटल्यावर प्रत्येक दिवसाच्या वाट्यास एखादा राजा, एखादा कवी, एखादी लढाई आणि एखादा खेळाडू यावयाचाच. १५ ऑगस्ट १७६९ रोजी नेपोलियन जन्मला, १५ ऑगस्ट १९१४ रोजी पनामा कालवा रीतसर वाहतुकीस खुला झाला, यांत आपल्या स्वातंत्र्याचा काडीइतकाही संबंध नाही. असल्या नोंदी वाचाव्यात, करमणूक करून घ्यावी, आणि पान उलटावे.

परंतु सर्वच जुळण्या अशा नसतात. काही तारखा आपोआप येतात, काही कोणीतरी हेतुपुरस्सर निवडतो. दिनविशेषाच्या पानावर या दोन्ही एकाच ठशात छापल्या जातात, आणि तेथेच घोटाळा होतो. म्हणून प्रत्येक नोंदीस मी एकच प्रश्न विचारतो : हा दिवस कोणी निवडला?

१५ ऑगस्ट १९४७ हा दिवस कोणी निवडला याचे उत्तर स्पष्ट आहे, आणि ते सुखावह नाही. २० फेब्रुवारी १९४७ रोजी ब्रिटिश पंतप्रधान ॲटली यांनी जून १९४८ पर्यंत सत्ता सोडण्याचे जाहीर केले होते. नवे व्हाइसरॉय लॉर्ड माउंटबॅटन आले आणि जूनच्या आरंभी, पत्रकारांच्या परिषदेत, त्यांनी १५ ऑगस्टचा उल्लेख केला. हीच तारीख का, याचे कारण त्यांनी पुढे स्वतःच सांगितले. १५ ऑगस्ट १९४५ रोजी जपानच्या सम्राटाचे शरणागतीचे भाषण नभोवाणीवरून झाले, त्या वेळी माउंटबॅटन हे आग्नेय आशियातील दोस्त सैन्याचे सरसेनापती होते. त्या विजयाचा दुसरा वार्षिक दिन त्यांच्या मनात होता. म्हणजे आपण ज्या दिवशी ध्वजवंदन करतो, तो दिवस मुळात एका परकीय सेनापतीने स्वतःच्या यशाच्या आठवणीसाठी पसंत केलेला होय. कोरियातही हा दिवस मुक्तिदिन म्हणून पाळला जातो. त्यास मात्र तिथल्या लोकांचा संबंध सरळ आहे, कारण जपानच्या शरणागतीनेच ते सुटले.

या निवडीची किंमत पडली. सीमा आखण्यासाठी रॅडक्लिफसाहेब ८ जुलैस हिंदुस्थानात पोहोचले, म्हणजे दोन प्रांत चिरण्यास त्यांच्या हाती जेमतेम पाच आठवडे होते. त्यांचा निवाडा प्रसिद्ध झाला तो १७ ऑगस्टला. स्वातंत्र्य आधी आणि नकाशा मागाहून! बंगालमधील मुर्शिदाबादेत आणि नदिया जिल्ह्यातील कृष्णनगरास १५ ऑगस्टला पाकिस्तानचे निशाण फडकत होते, आणि दोन-तीन दिवसांनी ते उतरवून तिरंगा चढविण्यात आला. नदियातील काही गावे आजही १८ ऑगस्टला ध्वजवंदन करतात, त्यामागे ही कथा आहे. पंजाबात जे झाले ते या सभेत वर्णन करण्याजोगे नाही.

आता पंचांगाकडे वळू, कारण आपल्यांतील वडीलधाऱ्यांना ते विचारल्याशिवाय चैन पडणार नाही. त्या दिवशी शुक्रवार होता आणि तिथी होती अधिक श्रावण वद्य चतुर्दशी. अधिक मास, त्यातून अमावास्येच्या तोंडावरचा दिवस! अशा मुहूर्तावर आपल्या घरात कोणी साखरपुडासुद्धा करणार नाही. अनेक ज्योतिषांनी त्या वेळी हरकत घेतली होती, हे प्रसिद्धच आहे. घटनासमितीची बैठक १४ तारखेच्या रात्री अकरा वाजता भरली आणि सत्तांतर मध्यरात्री झाले, त्यामागे ही एक तडजोड होती असे सांगतात. इंग्रजी दिवस मध्यरात्री उजाडतो आणि आपला सूर्योदयास, या फरकाचा त्यात उपयोग झाला. पुढे राष्ट्राचे जे बरेवाईट झाले त्याचे श्रेय वा दोष चतुर्दशीस देण्याइतका मी पंचांगनिष्ठ नाही. परंतु एक गोष्ट नमूद करतो. तिथीने पाहिले तर त्या दिवसाची पुनरावृत्ती दरवर्षी होतच नाही, कारण अधिक श्रावण हा काही दरसाल येत नाही. तेव्हा ज्या घरी आजोबांचा वाढदिवस तिथीने आणि नातवाचा तारखेने करतात, त्या घरांनी एकमेकांस हसण्याचे कारण नाही. दोन्ही मोजण्या खऱ्या, पण त्यांच्या जुळण्या निरनिराळ्या.

१५ ऑगस्ट १९४७ ला दिल्लीत दिवाळी होती, आणि ज्यांना आपण राष्ट्रपिता म्हणतो ते दिल्लीत नव्हते. गांधीजी कलकत्त्यास बेलियाघाटातील हैदरी मंझिल या पडक्या वाड्यात होते. त्या दिवशी त्यांनी उपवास केला, सूत कातले, प्रार्थना केली. दंग्यांच्या दुःखामुळे त्यांनी असे केले, हे सर्वांस ठाऊक आहे. पण त्या उपवासास आणखी एक घरगुती धागा होता, तो सहसा सांगितला जात नाही. पाच वर्षांपूर्वी याच तारखेस, १५ ऑगस्ट १९४२ रोजी, पुण्याच्या आगाखान राजवाड्यात स्थानबद्ध असता त्यांचे चिटणीस महादेवभाई देसाई अकस्मात वारले होते. ९ ऑगस्टला अटक झाली आणि सहाव्या दिवशी हे घडले. महादेवभाईंचे वय अवघे पन्नास. गांधीजींनी आपल्या हातांनी त्यांच्या देहास स्नान घातले, आणि राजवाड्याच्या आवारातच त्यांचे दहन झाले. पुढे दीड वर्षाने, २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, कस्तुरबाही तेथेच गेल्या. त्या दोन समाध्या आजही पुण्यात शेजारी शेजारी आहेत, आणि आपल्यांतील पुणेकरांपैकी किती जणांनी त्या पाहिल्या आहेत, हे मी येथे विचारीत नाही. १९४७ च्या त्या दिवशी कलकत्त्यात गीतापठण झाले ते महादेवभाईंच्या स्मरणार्थही होते. ज्या तारखेस साऱ्या देशाने ध्वज उभारला, ती तारीख त्या वृद्धाच्या मनात आधीच एका मृत्यूने भरलेली होती. माउंटबॅटननी दिवस निवडला तेव्हा हे त्यांच्या ध्यानीमनीही नसणार.

याच दिवशी पाँडिचेरीस श्रीअरविंद आपल्या आयुष्याची पंचाहत्तर वर्षे पूर्ण करीत होते. त्यांचा जन्म १५ ऑगस्ट १८७२ चा, कलकत्त्याचा. परंतु महाराष्ट्राशी त्यांचे ऋणानुबंध जुने. विलायतेहून परतल्यावर ते सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात नोकरीस राहिले. त्यांचे केंब्रिजचे स्नेही केशवराव देशपांडे मुंबईच्या ‘इंदुप्रकाश’ पत्राची इंग्रजी बाजू पाहत असत, आणि १८९३-९४ साली काँग्रेसच्या मवाळ धोरणावर टीका करणारी अरविंदांची लेखमाला त्यातच निघाली. पुढे १९०८ च्या आरंभी बडोद्यासच विष्णू भास्कर लेले या महाराष्ट्रीय योग्याने त्यांना ध्यानाची दिशा दाखविली. स्वातंत्र्याच्या वेळी आकाशवाणीसाठी दिलेल्या संदेशात अरविंदांनी या जुळणीचा उल्लेख केला आणि हा निव्वळ योगायोग नव्हे अशी आपली श्रद्धा बोलून दाखविली. श्रद्धेशी वाद घालू नये. मी मात्र गणिताच्या बाजूचा माणूस, आणि तेवीस माणसांचे उदाहरण मी आधीच देऊन बसलो आहे.

खेळाच्या नोंदीवर मी थोडा अधिक वेळ घेणार आहे. तरुण मंडळींनी मागील रांगांतून पुढे सरकण्यास हरकत नाही.

साल १९३६, स्थळ बर्लिन. ऑलिंपिकमधील हॉकीच्या अंतिम सामन्यात हिंदुस्थानची गाठ जर्मनीशी होती. स्पर्धेपूर्वी झालेल्या सरावाच्या सामन्यात याच जर्मनीने आपल्या संघास ४-१ असे हरविले होते, आणि तो सल ध्यानचंद व त्यांच्या सहकाऱ्यांच्या मनात होता. तातडीने हिंदुस्थानातून दारा या खेळाडूस बोलावून घेण्यात आले. अंतिम सामना ठरला होता १४ ऑगस्टला. पण पाऊस आला, मैदान भिजले, आणि सामना दुसऱ्या दिवशी, शनिवारी, १५ ऑगस्टला खेळविण्यात आला. म्हणजे हा दिवस निवडला पावसाने!

संघ अधिकृतपणे ब्रिटिश हिंदुस्थानचा. पण सामन्यापूर्वी कपडे बदलण्याच्या खोलीत संघाच्या व्यवस्थापनातील पंकज गुप्ता यांनी काँग्रेसचा तिरंगा बाहेर काढला आणि खेळाडूंनी त्यास वंदन केले. ध्यानचंदांनी आपल्या आत्मचरित्रात हा प्रसंग नमूद केला आहे. ध्यानचंद हे लष्करातले नोकर, संघात मुसलमान, शीख, हिंदू आणि अँग्लो-इंडियन असे सारेच. त्या खोलीत कोणी कोणास विचारले नाही, की हे निशाण तुझे की माझे. सामन्याचा पूर्वार्ध संपला तेव्हा हिंदुस्थानचा केवळ एक गोल झाला होता. मैदान निसरडे होते. उत्तरार्धात ध्यानचंदांनी खिळ्यांचे बूट काढून टाकले असे सांगतात, आणि मग गोलांची रीघ लागली. सामना ८-१ असा संपला. जर्मनीने केलेला तो एक गोल, साऱ्या स्पर्धेत आपल्यावर झालेला एकमेव गोल होता. मधल्या फळीत त्या दिवशी मुंबईकडील बाबू निमल खेळत होते, हे आपल्या क्रीडाप्रेमी तरुणांनी टिपून ठेवावे; ध्यानचंदांच्या तेजात अशी नावे झाकली जातात.

बरोबर अकरा वर्षांनी त्याच तारखेस तो तिरंगा, चरख्याऐवजी अशोकचक्र घेऊन, उघड्यावर आला. कोणी यात भविष्यवाणी पाहील. परंतु पाऊस पडला नसता तर हीच नोंद १४ ऑगस्टखाली गेली असती, आणि आपण तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नसते. खोलीतील ते वंदन मात्र १४ तारखेसही तितकेच खरे राहिले असते.

दुसरी नोंद अजित वाडेकरांची. १९७१ साली वेस्ट इंडीज व इंग्लंड या दोन्ही देशांत मालिका जिंकणारा हा आपला मराठी कर्णधार १५ ऑगस्ट २०१८ रोजी मुंबईस निवर्तला. ही जुळणी दुःखाची आणि निव्वळ योगायोगाची. वाडेकरांच्या आयुष्यातील खरी गोड जुळणी तिथीची होती. ओव्हलवर २४ ऑगस्ट १९७१ रोजी इंग्लंडला त्यांच्याच भूमीवर आपण प्रथम हरविले, तो दिवस गणेशचतुर्थीचा. त्या सामन्याच्या वेळी आपल्या लोकांनी प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण मैदानावर आणली होती. योगायोगाचा इतका मनोहर उपयोग मी दुसरा पाहिलेला नाही. धोनी व रैना यांनी १५ ऑगस्ट २०२० रोजी आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून निवृत्ती जाहीर केली. ती निवडलेली तारीख दिसते, आणि तिच्याविषयी मला अधिक काही म्हणावयाचे नाही.

आता आपल्या मराठवाड्यातील व गोमंतकातील कुटुंबांच्या प्रश्नाकडे येतो.

१५ ऑगस्ट १९४७ ला औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद येथे निजामाचे राज्य होते. तेथे तिरंगा उभारणे हा गुन्हा होता, आणि स्वामी रामानंद तीर्थ यांना त्याच दिवशी अटक झाली. तो मुलूख मोकळा झाला तो तेरा महिन्यांनी, १७ सप्टेंबर १९४८ रोजी. गोव्यास तर १९ डिसेंबर १९६१ पर्यंत वाट पाहावी लागली. एकच मराठी भाषा बोलणारी, एकमेकांशी सोयरीक असणारी आपली कुटुंबे तीन निरनिराळ्या दिवशी स्वतंत्र झाली. मुंबईच्या सुनेस पेढे मिळाले तेव्हा तिच्या माहेरी, परभणीस, दारे बंद होती.

मग ही तारीख त्यांची कशी? येथे गोमंतकाच्या इतिहासाने उत्तर दिलेले आहे. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींच्या एका तुकडीने तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा फडकविला. पुढच्या वर्षी, १५ ऑगस्ट १९५५ रोजी, देशाच्या सर्व भागांतून आलेले हजारो निःशस्त्र सत्याग्रही निरनिराळ्या नाक्यांवरून गोव्यात शिरले. पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या, वीसहून अधिक माणसे ठार झाली. पत्रादेवीस पंजाबातील ईसडू गावचा तरुण कर्नैलसिंग बेनिपाल पडला. मध्य प्रदेशातील सहोद्राबाई राय हाती झेंडा घेऊन पुढे गेल्या आणि गोळ्यांनी जखमी झाल्या; पुढे त्या लोकसभेत निवडून आल्या. या लोकांनी १५ ऑगस्टच का निवडला? माउंटबॅटनच्या विजयाची त्यांना आठवण नव्हती, जपानशी त्यांना कर्तव्य नव्हते. आठ वर्षांत त्या तारखेचा अर्थच पालटला होता. ती दुसऱ्याने दिलेली तारीख राहिली नव्हती. जे स्वतंत्र होते त्यांनी ती, जे नव्हते त्यांच्यासाठी वापरली.

शेजारी २६ जानेवारी ठेवून पाहा. १९३० साली त्या दिवशी पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घेतली गेली. राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संमत झाली, आणि तिचा बहुतांश अंमल दोन महिने थांबवून २६ जानेवारी १९५० पासून सुरू करण्यात आला, तो केवळ त्या तारखेच्या मानासाठी. ही निवड आपली, आणि पहिली परक्याची. तरीही गोव्याच्या सीमेवर रक्त सांडले ते १५ ऑगस्टला, हे विसरून चालणार नाही.

एक छोटी नोंद राहिली, ती मला विशेष प्रिय आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी दिवशी, टपालखात्याने सहा आकड्यांचा पिनकोड सुरू केला. ती योजना आखणारे अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, आणि संस्कृतातील कवी व नाटककार. एकाच नावाची अनेक गावे, नाना लिप्यांतील पत्ते आणि वाचता न येणारी अक्षरे यांतून पत्र मार्गी लागावे म्हणून पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा पत्रे वेगळी करणाऱ्या जिल्ह्याचा आणि उरलेले तीन त्या टपालकचेरीचे, अशी ही मांडणी. आपली स्मरणिका तुमच्या घरी पोहोचते ती याच आकड्यांवर. दिनविशेषाच्या पानावर मात्र वेलणकरांचे नाव मी आजवर पाहिले नाही. यंदा ते यावे, अशी माझी सूचना आहे.

दुसरी सूचना अशी. मंडळाच्या कुटुंबनोंदीत एक रकाना वाढवावा : ‘१५ ऑगस्ट १९४७ रोजी आपले घर कोठे व कोणाच्या राज्यात होते, आणि त्या दिवशी घरात काय झाले?’ ज्यांना हे आठवते ती माणसे आता नव्वदीच्या घरात आहेत, आणि मंडळाच्या दुखवट्याच्या यादीत दरवर्षी त्यांच्यापैकी काही नावे मी वाचतो. अध्यक्षांच्या परवानगीने गेल्या महिन्यात काही घरी चिठ्ठ्या पाठविल्या, त्यांपैकी अकरा परत आल्या. डिचोलीकडील एका वृद्ध भगिनींनी, ज्या त्या वेळी नऊ वर्षांच्या होत्या, असे लिहिले आहे, की तो शुक्रवार होता, म्हणजे म्हापशाच्या बाजाराचा दिवस; वडील नेहमीप्रमाणे बाजारास गेले, मिरच्या आणि एक खोरे घेऊन आले, आणि पलीकडच्या मुलखात काय झाले ते त्यांनी रात्री दार लावून घेतल्यावर सांगितले.

कोऱ्या चिठ्ठ्या बाहेरच्या टेबलावर ठेवल्या आहेत, आणि भरलेल्या टाकण्यासाठी तेथेच पेटी आहे. ज्यांना लिहिणे कष्टाचे होते त्यांच्याकडून नातवंडांनी लिहून घ्यावे.